मालकंसात तीव्र मध्यम: घरच्या ऑडिओ कॉम्प्युटरबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे, घरी गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायला किंवा नुसतं नीट ऐकायला कॉम्प्युटर जुळवायचाय, काय घेऊ. आणि जवळपास सगळ्यांची सुरुवात मदरबोर्डपासून. त्यातली थोडी पत्रं निवडलीत, लांबलेली जरा कापलीत, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार सर, मी डोंबिवलीला राहतो. बायको शास्त्रीय गाणं शिकते आणि दोन-चार मुलांना शिकवतेही, मी पेटी वाजवतो, मुलगा अकरावीत आहे तो तबला शिकतोय. घरीच रेकॉर्डिंग करायचं मनात आहे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर त्याने झेड७९० चा मदरबोर्ड, आय७, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि लाइटवाले पंखे असं सव्वा लाखाच्या वरचं कोटेशन हातात दिलं. म्हणे ऑडिओसाठी हाच बोर्ड पाहिजे, याच्यावर सोनेरी कपॅसिटर आहेत आणि साउंडचा भाग बाकीच्या बोर्डपासून वेगळा काढलाय. माझं सगळं मिळून बजेट ऐंशी हजार, त्यात माइक पण आले. सोनेरी कपॅसिटरने खरंच फरक पडतो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पडतो हो, पण तुम्हाला नाही पडणार. सांगतो कसं ते. बोर्डवर साउंडची जी चिप असते, स्वस्त बोर्डवर बहुधा रिअलटेकची एएलसी८९७ आणि महागावर एएलसी१२२० किंवा एएलसी४०८०, ती आणि तिच्या बाजूचे ते सोनेरी कपॅसिटर कामाला येतात तुम्ही हेडफोन नाहीतर स्पीकर थेट बोर्डच्या भोकात खुपसला तर. तुम्हाला तर माइक लावायचेत, आणि चांगल्या माइकची एक्सएलआर पिन मदरबोर्डला बसतच नाही, कंडेन्सर जातीच्या माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागते ती बोर्ड देत नाही, म्हणजे तुम्ही यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस घेणार. एकदा तो घेतला की आवाजाचे आकडे करायचं आणि आकड्यांचा परत आवाज करायचं काम त्या डब्यात होतं, बोर्डवरची साउंड चिप निवांत झोपते. झोपलेल्या माणसाला सोन्याची चादर कशाला घालायची?

म्हणून बोर्डच्या आधी एक काम करा, माइक मोजा. गाणाऱ्या वहिनींना एक, पेटीला एक, तबल्याला ओढूनताणून एक पण खरं तर दोन, डग्गा आणि दायाँ वेगवेगळा घेतला तर नंतर मिक्स करताना हातात काहीतरी राहतं. झाले चार. मग दोन इनपुटचा इंटरफेस घेऊन सहा महिन्यांनी तो विकायला काढण्यापेक्षा पहिल्यांदाच चार माइक प्रीअॅम्पवाला (माइकचा बारीक आवाज मोठा करणारे चार भाग असलेला) घ्या, आणि घेताना नीट वाचा कारण डब्यावर चार इनपुट लिहिलेलं असतं पण त्यातले माइकचे दोनच असतात, हा घोटाळा फार होतो. या एका वस्तूवर आणि माइकांवर तुमच्या बजेटचा निम्मा भाग गेला तरी चालेल, कॅबिनेटमधल्या सामानावर कमी.

आता मदरबोर्डचं खरं काम काय. ऑडिओमध्ये त्याने आवाज चांगला करायचा नसतो, फक्त मध्ये मध्ये लुडबूड करायची नसते. कॉम्प्युटर इंटरफेसकडून आवाज सलग घेत नाही, बादली भरून घेतो, त्या बादलीला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, २५६ सॅम्पलची बादली म्हणजे सव्वापाच मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त, १२८ ची म्हणजे त्याच्या निम्मं. बादली भरली की कॉम्प्युटरने ती लगेच रिकामी करायला पाहिजे, पण त्याच वेळी एखादा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर सगळ्यांना थांबवून बसला तर बादली सांडते आणि रेकॉर्डिंगमध्ये टक् असा आवाज येतो. प्रोसेसर किती दणकट आहे याच्याशी याचा फारसा संबंध नसतो, आय७ सुद्धा टकटक करतो.

माझाच किस्सा सांगतो. एका ओळखीच्या बुजुर्गांचं गाणं घरी रेकॉर्ड करत होतो, विलंबित एकताल, छान रंगलेलं. नंतर ऐकतोय तर दर थोड्या वेळाने टिक्, आणि नेमकं एकदा समेवर. मी आधी माइक बदलला, मग केबल बदलली, मग इंटरफेस दुसऱ्या भोकात लावला, शेवटी लेटन्सीमॉन नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं तर त्याने बोट दाखवलं वायफायच्या ड्रायव्हरकडे. वायफाय बंद केला, टिक् गेली. बुजुर्ग परत यायला दोन महिने लागले आणि तेव्हा तसं रंगलं नाही, ते वेगळंच. तेव्हापासून माझ्याकडे रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाचं जे विंडोजमध्ये असतं ते बंद.

आणि लेटन्सीला, म्हणजे आवाज उशिरा पोचण्याला, इतकं घाबरायचंही कारण नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे पेटीवाला तुमच्यापासून अकरा फुटांवर बसलाय एवढंच. स्टेजवर बसतात की लोक तेवढ्या अंतरावर. शिवाय तुमचं सगळं काम खऱ्या वाद्यांचं आहे, कीबोर्डवर बोट ठेवून कॉम्प्युटरमधून सतार वाजवायची नाहीये, त्यामुळे इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाबा, हेडफोनमध्ये आवाज कॉम्प्युटरकडे न जाता सरळ येतो आणि लेटन्सीचा विषयच मिटतो. या एका बटणामुळे तुमचं आय७ वाचलं बघा.

मग काय घ्यायचं? मला विचाराल तर इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर, शेवटी एफ नसलेला, कारण एफवाल्यात डिस्प्लेची सोय नसते आणि मग ग्राफिक्स कार्ड गळ्यात पडतं, त्याचे पंखे गळ्यात पडतात, त्याचा ड्रायव्हर गळ्यात पडतो. १२४०० मध्ये सहाही कोअर एकाच जातीचे आहेत, मोठे-छोटे अशी सरमिसळ नाही, त्यामुळे ऑडिओचं काम चुकून छोट्या कोअरवर जाऊन अडकायचा प्रश्न नाही. याला बी७६० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड. एच६१० पण चालतो, मी स्वतः एकाला लावून दिलाय, पण त्यात पंख्यांच्या पिना बहुतेक वेळा दोनच असतात आणि मागचे यूएसबी कमी पडतात. एएमडी आवडत असेल तर रायझन ५ ५६००जी आणि बी५५० बोर्ड, तोही छान आहे. फक्त एक, २०२१ च्या सुरुवातीला एएमडीच्या ५०० सीरिजच्या बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटायचा त्रास होता, कंपनीने तो मान्य करून एजीसा १.२.०.२ असलेल्या बायोसमध्ये (बायोस म्हणजे बोर्डातलंच मूळ सॉफ्टवेअर, एजीसा हा त्यातला एएमडीचा भाग) दुरुस्त केला, तेव्हा बोर्ड जुन्या स्टॉकमधला किंवा सेकंडहँड असेल तर आधी बायोस अपडेट करून घ्या नाहीतर इंटरफेसला दोष देत बसाल.

बोर्ड निवडताना चिपसेटच्या नावापेक्षा मागच्या बाजूचा फोटो बघा आणि मॅन्युअल उतरवून वाचा, सगळ्या कंपन्या साइटवर फुकट देतात. मागे यूएसबी किमान सहा पाहिजेत, इंटरफेस नेहमी मागच्या भोकात, समोरच्या पॅनलला किंवा हबला नाही. पंख्याच्या चार पिनवाल्या जागा तीन तरी पाहिजेत. रॅम डीडीआर४ लागते का डीडीआर५ ते बघा, १२४०० ला दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, दुकानात घाईत हीच चूक होते. रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन कांड्या. किमतीचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, रॅमचा भाव कांद्यासारखा झालाय, अंक छापून येईपर्यंत बदलेल. डिस्क एसएसडीच, एनव्हीएमई का साटा यावर डोकं खाजवू नका, चार माइक २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर तासभर रेकॉर्ड केले तर दोन जीबीच्या आसपास होतात, कुठलीही एसएसडी ते झोपेत करेल. जुन्या रेकॉर्डिंगसाठी वेगळी हार्ड डिस्क हवी तर ती बाहेरची घ्या, कपाटात ठेवा, कॅबिनेटमध्ये बसवली की ती गुरगुरणार.

आता ज्याच्यावर खरंच पैसे घालायचे ते, आवाज न करणं. कंडेन्सर माइक इतका कानाचा तिखट असतो की शेजारच्या घरातला कुकर पण ऐकतो, मग टेबलाखालचा पंखा तर ऐकणारच. प्रोसेसरसोबत जो छोटा पंखा फुकट येतो तो काढून ठेवा, त्याजागी १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, एलजीए१७०० चा (१२४०० ज्या खाचेत बसतो तिचा) ब्रॅकेट सोबत आहे ना ते विचारून घ्या. मोठा पंखा हळू फिरून तेवढंच काम करतो. बायोसमध्ये फॅन कर्व्ह (किती तापल्यावर पंखा किती फिरवायचा ते ठरवणारं सेटिंग) असतो तो असा लावा की साठ डिग्रीपर्यंत पंखा जागचा फार हलू नये. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ४५० ते ५५० वॅटचा ८० प्लसवाला, चांगल्या कंपनीचा, कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो नाही. काचेचा दरवाजा आणि लाइटवाले पंखे भाच्याला द्या.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, कॉम्प्युटर त्या खोलीत ठेवूच नका. यूएसबी २ ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. माझ्याकडे जुन्या केबल टीव्हीच्या वायरसाठी भिंतीला पाडलेलं भोक होतं, त्यातून तीन मीटरची यूएसबी आणि मॉनिटरची केबल ओढलीय, डबा पॅसेजमध्ये, मी आतल्या खोलीत. त्यानंतर कळलं की खरा आवाज तर छताच्या पंख्याचा होता. तो बंद करून गाणारा किती वेळ बसेल त्यावर टेक ठरतो, मे महिन्यात आमच्याकडे सात-आठ मिनिटांच्या वर ख्याल जात नाही.

प्रश्न: सर, माझ्याकडे २०१४ साली घेतलेला आय५ चौथ्या जनरेशनचा कॉम्प्युटर आहे, त्यात एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ हे पीसीआय कार्ड आहे, अजून झकास चालतं. विंडोज १० चा सपोर्ट संपलाय म्हणून सगळे म्हणतात नवीन घे. नवीन बोर्डात हे कार्ड बसेल का? काढून टाकायला जीव होत नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर: जीव होऊ देऊच नका, फार चांगलं कार्ड आहे ते. पण हल्लीच्या बोर्डावर ती जुनी लांब पांढरी पीसीआयची पट्टीच येत नाही, आता सगळं पीसीआय एक्सप्रेस, दोन्ही वेगळं. पीसीआय एक्सप्रेसमधून पीसीआय काढून देणारी कन्व्हर्टर पट्टी ऑनलाइन मिळते, कुणाचं चालतं कुणाचं खरखरतं, तिच्या भरवशावर नवीन बोर्ड घ्या असं मी सांगणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, आणि विंडोज ११ तुमच्या चौथ्या जनरेशनला अधिकृतपणे घेत नाही, त्याला टीपीएम २ (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पण सपोर्ट संपला म्हणजे मशीन संध्याकाळी बंद पडलं असं नाही ना. त्याची नेटची वायर काढा आणि त्याला फक्त रेकॉर्डरसारखं वापरा, पेनड्राइव्हने फाइल इकडून तिकडे. नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स टाका. तुमच्या कार्डावर एनव्ही२४ घराण्यातली चिप आहे, आयसीई१७१२, तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कित्येक वर्षं आतच आहे, काही उतरवायला लागत नाही, मी त्याच घराण्यातलं एक कार्ड उबुंटू स्टुडिओवर लावलं तर पहिल्या बूटला दिसलं. एकच करा, एवढ्या वर्षांचा एसएमपीएस बदला आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. मशीन तुम्हाला ओळखणार नाही.

प्रश्न: आमच्या वडिलांनी गावोगावची कीर्तनं कॅसेटवर टिपून ठेवली होती, साधारण दीडशे कॅसेट आहेत, सी-६० आणि सी-९०. ते आता नाहीत. चांगला डेक आहे, रिपेअर करून घेतलाय. या कॉम्प्युटरवर घ्यायला किती भारी साउंड कार्ड लागेल? मुलगी म्हणते १९२ किलोहर्ट्झवर घ्या म्हणजे कायमचं काम होईल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, तुम्हाला भारी काहीच लागत नाही, तुम्हाला वेळ लागेल. दीडशे कॅसेट म्हणजे सरासरी सव्वा तास धरला तरी एकशे नव्वद तास होतात आणि कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ घेते, त्यात घाई करता येत नाही.

कॅसेटमध्ये आवाज आणि तिची स्वतःची सूं यांच्यात पन्नास-साठ डेसिबलचं अंतर असतं. नुसतं १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मावतात. म्हणजे घागर केवढी आणि पाणी केवढं. मुलीला सांगा की १९२ वर घेतलं तर टेपची सूं फार सुंदर टिपली जाईल, बाकी काही नाही, आणि फाइल चौपट. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ पुरे. २४ बिट एवढ्यासाठी की रेकॉर्डिंगची पातळी बिनधास्त खाली ठेवता येते, काटा लाल होऊ देऊ नका, सगळ्यात मोठा आवाज उणे दहाच्या आसपास राहू दे, कीर्तनकार मध्येच चिपळ्यांसकट माइकवर येतात ते तुम्हाला माहीत आहेच.

साध्या डेस्कटॉपच्या बोर्डवर मागे तीन भोकं असतात, हिरवं, गुलाबी, निळं. तुम्हाला निळं पाहिजे, लाइन-इन. गुलाबी माइकचं आहे, त्यात डेक लावला तर आवाज फाटेल आणि तुम्ही डेकला नावं ठेवाल. एएलसी८९७ सारखी स्वस्तातली चिपसुद्धा या कामाला चालून जाते कारण कॅसेटची सूं तिच्यापेक्षा मोठी आहे. लॅपटॉपवर करू नका, हल्ली लॅपटॉपला लाइन-इन नसतंच, एकच भोक असतं हेडफोन आणि मोनो माइकचं मिळून. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी आरसीए ते ३.५ मिमी अशी वायर, बस्स.

खरा फरक डेकवर पडतो. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं पडून टेपचे थर चिकटतात. दोन-तीन कॅसेटनंतर हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाची काडी तपकिरी झाली तर घाबरू नका, ती टेपची माती आहे. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला, हेडवरून जाऊ देऊ नका. आणि हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो त्याने हेडचा कोन, म्हणजे अॅझिमथ, बदलतो, वडिलांच्या रेकॉर्डरचं हेड थोडं तिरकं असणार, तुमच्या डेकचं वेगळं, म्हणून आवाज कोंदट येतो. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनो करून, तो स्क्रू अगदी केसभर इकडे-तिकडे फिरवा, एका जागी टाळ एकदम खणखणीत होतील, तिथे थांबा. दीडशे कॅसेट एकाच रेकॉर्डरवर भरल्या असतील तर बहुतेक एकदाच करायला लागेल.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. साठवताना फ्लॅक करा, जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काही जात नाही. मूळ फाइलवर सूं काढायचा फिल्टर मारू नका, कॉपीवर काय ते करा. आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर वडिलांनी जे लिहिलंय, गाव, तिथी, आख्यान, त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. मृदंगावर कोण होतं हे पन्नास वर्षांनी फाइलच्या नावावरून कळणार नाही.

प्रश्न: सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. कॉम्प्युटर, इंटरफेस आणि पॉवर्ड स्पीकर सगळं नवीन घेतलं, तरी स्पीकरमधून सतत हूंऽऽ असा आवाज. रियाज रेकॉर्ड करून ऐकायला बसलो की वैताग येतो. मी काळी एकमध्ये गातो, सध्या मालकंस चालू आहे. मदरबोर्ड खराब आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमचा वैताग मला पूर्ण समजला, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे पांढरी पाचपेक्षा किंचित चढा सूर. काळी एकच्या षड्जाला तो येतो तीव्र मध्यमाच्या आसपास. मालकंसात शुद्ध मध्यमावर तुम्ही जीव ओवाळून टाकताय आणि मागे हा बिनबुलाया तीव्र मध्यम, तोही चढा. वैताग येणारच. बरं, घरात कुणी काळी पाचमध्ये भूप गात असेल तर त्यांना तोच आवाज धैवताजवळ लागेल आणि कदाचित एवढं खुपणार पण नाही.

मदरबोर्डचा दोष असायची शक्यता कमी, हा बहुतेक अर्थिंगचा गोंधळ आहे, ग्राउंड लूप म्हणतात त्याला. कॉम्प्युटर एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या सॉकेटवर असला आणि दोन्हीच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक असला की तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाहायला लागतो. आधी सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, तीन पिनवाल्या. नाही गेलं तर केबल टीव्ही किंवा इंटरनेटची कोअॅक्स वायर कुठे कॉम्प्युटरला किंवा मॉनिटरला जोडलेली आहे का बघा, असेल तर काढून ऐका. मग इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतची केबल बॅलन्स्ड करा, टीआरएस किंवा एक्सएलआर, साधी आरसीए असेल तर हमचा, म्हणजे या हूंचा, तिथेच मुक्काम असतो. एवढं करूनही राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवालं आयसोलेटर घाला.

आणि हे मात्र कृपा करून ऐका, कुणीतरी नक्की सांगेल की स्पीकरची अर्थची पिन तोडून टाक, हम जाईल. जातोही. पण मग एखाद्या दिवशी स्पीकरच्या धातूच्या पाठीला करंट आला तर तो जायचा रस्ता म्हणजे तुम्ही. वाड्यातली वायरिंग जुनी असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आहे का ते मोजून घ्या, बऱ्याच ठिकाणी तीन पिनचं सॉकेट असतं आणि मागे तिसरी वायरच नसते.

हूं नसून किर्रर्र असेल, आणि माउस हलवला की बदलत असेल, तर ती वेगळी गोष्ट, तो कॉम्प्युटरच्या आतला आवाज. समोरच्या हेडफोनच्या भोकात सगळ्यात जास्त येतो कारण ती वायर सगळ्या बोर्डवरून फिरत येते. मागच्या बाजूला लावा, किंवा इंटरफेसलाच.

प्रश्न: ऑडिओसाठी खास साटा केबल, खास यूएसबी केबल आणि ऑडिओफाइल एसएसडी मिळते. तुम्ही याबद्दल कधीच लिहीत नाही. कान नाहीत का तुम्हाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आहेत, दोन आहेत, डावा जरा कमी. एसएसडीमधून फाइल रॅममध्ये येते तेव्हा ती फक्त आकडे असते, केबल चांगली असेल तर आकडे बरोबर येतात आणि खराब असेल तर एरर येतो, तंबोरा गोड किंवा कडू होत नाही. त्या केबलच्या पैशात चांगले हेडफोन येतात. ते घ्या आणि मग मला परत शिव्या द्या.

प्रश्न: रत्नागिरीला घरी आई-बाबांना जुनी नाट्यगीतं ऐकायला छोटा कॉम्प्युटर लावून द्यायचाय. रेकॉर्डिंग नाही, फक्त ऐकणं. मी दुबईत असतो, लांबून दुरुस्ती करता येणार नाही. रास्पबेरी पाय घेऊ का एन१०० चा मिनी पीसी?
— एक वाचक, दुबई

उत्तर: तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द लांबून. रास्पबेरी पाय, म्हणजे तो एका छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर, छान आहे, व्होल्युमिओ नाहीतर मूड ही गाणी वाजवायची सॉफ्टवेअरं टाकली की मोबाइलवरून गाणं लावता येतं, वीज अगदी थोडी खातो आणि पंख्याशिवाय पाय ४ आरामात चालतो. पण कोकणात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते तुम्हाला माहीत आहे, आणि चालू असताना लाइट गेली की पायचं मेमरी कार्ड कधीतरी बिघडतं. तेव्हा बाबांना फोनवर कार्ड परत लिहायला सांगणार का तुम्ही? इंटेलच्या एन१०० चिपवाला पंखा नसलेला मिनी पीसी घ्या, सहा वॅटची चिप आहे, आत एसएसडी असते, बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग करून द्या, सोबत छोटा यूपीएस. पंखा नसलेलाच बघा, समुद्राजवळच्या खाऱ्या दमट हवेत पंखा ती हवा आणि धूळ दोन्ही आत ओढतो. आवाजासाठी यूएसबीचा साधा डॅक (आकड्यांचा परत आवाज करणारा छोटा डबा) लावा. स्पीकरला मोठं गोल बटण असलेला घ्या, आवाज कमी-जास्त करायला आई मोबाइल उघडणार नाहीत.

तरी पायच घ्यायचा असेल तर दोन गोष्टी, पाय ५ ला ३.५ मिमीचं भोक काढून टाकलंय त्यामुळे डॅक लागणारच, आणि त्याला साधी एचडीएमआय केबल बसत नाही, मायक्रो लागते, ती दुबईहूनच घेऊन या.